दुसरा केसपेपर

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात सात नंबरच्या खोलीबाहेर पंचफुला रांगेत उभी होती, हातात केसपेपर आणि लाखोरीच्या डाळीच्या वड्यांचा डबा. दुखणं काहीच नव्हतं. आत बसलेला सर्जरीचा शिकाऊ डॉक्टर तिचा मुलगा होता आणि महिनाभर तो फोन उचलत नव्हता. भेटायला आलेल्यांना शिपाई हाकलतो, पेशंटला नाही. म्हणून आंधळगावची ही बाई सरळ पेशंट होऊन आली होती.

नंबर लागला. सुगतची दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"सुगत," ती म्हणाली.

"हो, मीच डॉक्टर सुगत. काय होते?"

"तुले पाहाले आली, बाबू."

"किती दिवसापासून?"

तिला वाटलं, पोरगा मस्करी करतो. लहानपणापासून नकलाच करायचा मेला. ती हसलीसुद्धा. तो हसला नाही.

"महिना झाला," ती हळूच म्हणाली.

"टेबलावर झोपा, मावशी."

मावशी ऐकून तिनं डबा त्याच्यापुढच्या लिहायच्या टेबलावर ठेवला. मग ती झोपली. त्यानं पोट दाबून पाहिलं. हात थंडगार होता.

"इथं दुखते?"

"नाही."

"इथं?"

आताही नाही म्हटलं तर हा हात काढून घेईल. "हो," पंचफुला म्हणाली.

त्यानं तिच्या तोंडाकडे सरळ पाहिलं आणि कागदावर काहीतरी खरडलं.

"सोनोग्राफी करून या. पुढचे!"

"डॉक्टर काल सकाळपासून आपरेशनमधी उभे होते, तिथून थेट इथं येऊन बसले," तिला उठवता उठवता सिस्टर म्हणाली. "दुसरं कोनी नाही नं बाई त्यायच्या जागी."

डबा टेबलावरच राहिला. सुगतनं त्यावर पुढचा केसपेपर ठेवून लिहायला घेतलं.

पंचफुला सोनोग्राफीकडे गेलीच नाही. केसपेपरच्या खिडकीशी पुन्हा रांगेत लागली.

"सकाळीच तं नेला नं कागद," कारकून वैतागला.

"तो माह्या नावाचा होता. आता दुसऱ्याचा पायजे."

"नाव?"

"सुगत."

"वय?"

"अठ्ठावीस."

"काय होऊन राहिलं त्याले?"

पंचफुलानं खिडकीचा गज धरला.

"मायले ओळखून नाही राहिला."