तिन्हीसांजेची हाक

"अगं, एकही कोंबडी डालग्याखाली जाईना. फोन त्यांच्यापुढे धरतो, तूच हाक मार!" हे तिकडून ओरडले.

कोंबड्या कोण झाकणार, या एका प्रश्नापायी मी वर्षानुवर्षं घर सोडलं नव्हतं. आज कुठे ताईकडे राहायला आले होते.

तिच्या अंगणात उभी राहून मी फोनमध्ये हाक मारली, "या गं बायांनो, तीऽ तीऽ तीऽ!"

"ढिम्म हलत नाहीत. तू उद्याच ये बाई," हे कळवळले.

इकडे मात्र शेजारणीच्या कोंबड्या कुंपणाखालून धावत आल्या आणि माझ्या पायांत घोटाळू लागल्या.

"घे! आता यांनाही तूच झाक," ताई खो खो हसली.

माझा हात केव्हाच पदराच्या गाठीकडे गेला होता. निघताना सवयीने मीच त्यात तांदूळ बांधून आणले होते.