ओली कणीक

सीमेवरच्या लढाईत कामी आलेल्या ऋतुराजच्या वर्षश्राद्धाचं भजन होतं. भजनी मंडळाच्या पिराजीनं सकाळीच गैबी मुल्लाणीला, तीस वर्षं मंडळात पखवाज वाजवणाऱ्याला, सांगून टाकलं होतं, "आज येऊ नगंस. लोकांची डोकी तापल्यात."

संध्याकाळी पहिल्याच अभंगाला ऋतुराजच्या आईनं हात वर केला. "माझ्या लेकाला पखवाज शिकवला गैबीनं. तो आल्याबिगर भजन व्हायचं न्हाय."

ज्या तोंडानं नको म्हटलं, त्याच तोंडानं बोलवायला पिराजी गैबीच्या दारात गेला. गैबी उंबऱ्यावर बसून, वाजवायच्या आधी लावतात ती ओली कणीक पखवाजाला लावत होता.

"लई उशीर केलासा, अण्णा," तो म्हणाला. "दोनदा वाळली."