मागच्या दाराची टेप

मुलगी पाहायला जायचं म्हणून धर्मेंद्रनं आदल्या दिवशी जुनी कार वर्ध्यात पॉलिशला नेली. मशीन चालवणारी पोरगी डोळ्यांवर गॉगल आणि तोंडाला दुपट्टा बांधून होती. तिनं दारांच्या काळ्या पट्ट्यांवर आधी टेप चिकटवली, मग मशीन फिरवली. कडा मात्र सोडल्या.

"ताई, कडेले काऊन नाई लावून राह्यल्या मशीन?"

"कडेचा रंग पातळ असते, उडून जाते. तिथं हातानंच घासा लागते. घाई आहे काय तुमाले?"

"उद्या आंजीले पोरगी पाहाले जातो ना, ताई. द्या, एक फडकं मलेही द्या."

ती थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मग फडकं दिलं. दोघांनी मिळून चारही दारांच्या कडा घासल्या.

दुसऱ्या दिवशी आंजीत मुलीच्या वडिलांनी, नानाजींनी, हाक मारली आणि आकांक्षा पोहे घेऊन बाहेर आली. धर्मेंद्र खाली मान घालून बसलेला.

"पोरीले काई विचाराचं असन तर विचारा," नानाजी म्हणाले.

त्याच्याआधी तीच बोलली. "तुमच्या गाडीच्या मागच्या दाराची टेप मी काल मुद्दामच राहू देली. काढाले रविवारी येजा. फक्त ताई नका म्हणू."