वीसच्या वीस चुका

“वीसपैकी शून्य!” लिंबाजी सरांनी पेपर थेट कमलम्मापुढं धरला.

डाळमिलच्या शेडमध्ये कमलम्मा सुपातली तूरडाळ निवडत बसली होती. सरांच्या मागं तिची लेक शिवगंगा मान खाली घालून उभी होती. पेपरभर लाल फुल्या. कमलम्माला इंग्रजीतलं ओ का ठो कळत नसलं तरी फुली म्हणजे काय हे कुणी सांगायला नको होतं. आजूबाजूच्या बायांचे हात थांबले आणि कान टवकारले.

येत्या रविवारी हैद्राबादच्या विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती. बी.ए. झालेली शिवगंगा तिकडं एम.ए.ला जाणार, म्हणून सर तीन महिने तिच्याकडून उतारे सोडवून घेत होते. कमलम्माला तोवर दोनच उतारे ठाऊक होते. एक तलाठी देतो तो, आणि दुसरा दृष्ट काढून चौकात ठेवतात तो. “हा इंग्रजीचा कुठं ठेवायचा गं?” असं तिनं विचारलं होतं तेव्हा लेक पोट धरून हसली होती. मग तिनंच समजावलं होतं. इंग्रजी मजकूर वाचायचा, खाली प्रश्न असतात, एकेका प्रश्नाला चार उत्तरं, त्यातल्या बरोबर उत्तरावर खूण करायची.

होळीपर्यंत पोरगी वीसपैकी अठरा आणत होती. होळीनंतर नळ आटला. लातूरचा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, पाट्या रंगल्या. नळाला मात्र कुणी कळवलं नसावं. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. बाकीचे दिवस मिलच्या पलीकडं दीड कोसावर असलेल्या विहिरीवर जायचं. पाडव्याच्या दिवशी तिथंच कमलम्माचा पाय घसरला आणि कंबर धरली. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, घरात दोघीच. तेव्हापासून पाणी शिवगंगा आणू लागली. तेव्हापासूनच मार्कही घसरले. अठराचे बारा झाले, बाराचे सात, आणि आज हा भोपळा.

“मी हात टेकले, कमलम्मा,” सर म्हणाले. “यंदा हिला पाठवू नका. अहो, डोळे झाकून खुणा केल्या असत्या तरी चार-पाच बरोबर आल्या असत्या! हिला उताराच कळेनासा झालाय.”

शिवगंगा अंगठ्यानं धुरळा उकरत उभी राहिली.

कमलम्मानं पेपर मांडीवर घेतला आणि एकेका फुलीवरून बोट फिरवलं. एकही सुटली नव्हती.

“सर, मी अडाणी बाई, चुकलं तर सांगा,” ती म्हणाली. “नव्या बाईला खडे वेचायला बसवलं की चार दाणेबी खड्यासंगं बाहेर पडतात. नुसते खडेच बाहेर पडले, एक दाणा न्हाई, तर ती बाई नवी म्हणायची का?”

“म्हणजे?”

“म्हणजे तुमी जरा फाटकापाशी च्या पिऊन या.”

सरांनी पेपर उचलला. पहिल्या फुलीपासून शेवटच्या फुलीपर्यंत नजर फिरवली. मग शिवगंगाकडं बघितलं आणि, “अरे देवा!” एवढंच म्हणून गुमान फाटकाकडं निघाले.

“बस इथं,” कमलम्मा म्हणाली. “बरोबर कोणतं होतं, ठाव होतं न्हवं तुला?”

शिवगंगानं होकारार्थी मान हलवली आणि तिला रडू फुटलं. “अव्वा, मी गेले की पाणी कोण आणंल? तुला रिकामी बादली उचलवत न्हाई अजून. मी नापास झाले की सर आपोआप गप बसतील, तूबी बसशील, असं वाटलं.”

“वा गं वा! आली मोठी माझी माय!” कमलम्मा कडाडली. एक थोबाडीत द्यावी का उराशी धरावी, तिला कळेना. शेवटी तिनं पदरानं लेकीचं नाक पुसलं, लहान असताना पुसायची तसं. “रत्नम्मा, ऐकलीस का गं सगळी पंचायत? दोन घागरी घालशील का माझ्या घरी?”

“चार घालते!” पलीकडून रत्नम्मा ओरडली. ती शेजारीण होती आणि मघापासून एक अक्षर सोडत नव्हती. “पोरीला आधी गाडीत बशीव.”

“झालं? मिटला पाण्याचा प्रश्न,” कमलम्मा म्हणाली. “आता रविवारी नीट खुणा करायच्या.”

शिवगंगानं डोळे पुसले. मग आईच्या हातांकडं बघितलं.

“अव्वा, खरंच नुसत्या खड्यांवरून वळखलंस?”

“खडे ते सरांना सांगायला.” कमलम्मानं सूप खाली ठेवलं. “चौथीच्या परीक्षेला मीबी सगळं चुकीचं लिहून आलते. माझी अव्वा बाळंतपणात अंथरुणाला खिळलेली, घरात तान्हं पोर. मी पास झाले असते तर पुढच्या शाळेला पाठवलं असतं मला.”

“मग तिला कळलं?”

“न्हाई गं. मरेस्तोवर सगळ्यांना कौतुकानं सांगायची, आमची कमली गुणाची लई, पण डोक्यानं ढ.”