पोह्यांच्या वेळी भडकलेला तारा

निरंजनने पोह्यांचा दुसरा घास घेतला आणि खिशातला फोन थरथरला.

त्याने बशीआड धरून हळूच पाहिलं. तीन वर्षं ज्या ताऱ्याकडे तो डोळे लावून बसला होता, त्याला भडकायला आजचाच मुहूर्त सापडला होता. पौडला मुलगी बघायला आल्यावर!

आईने कोपराने ढोसलं. बावधनहून निघतानाच तिने बजावलं होतं, "मेलेल्या ताऱ्यांचा विषय काढू नकोस. कॉम्प्युटरचं काम करतो म्हण."

तारा मेलेलाच होता, पण स्वस्थ नव्हता. गरगर फिरत जोडीच्या ताऱ्याचा वायू ओढायचा आणि ओढलेलं एकदम अंगावर कोसळलं की क्ष-किरणांचा भडका उडवायचा. भडका तासाभरात विझणार. त्याआधी उपग्रहावरची दुर्बीण तिकडे वळली नाही, तर निरंजनच्या प्रबंधाचं घोडं पुन्हा पेंड खाणार.

"मुलगी काय करते?" आईने विचारलं.

"पुण्यात हाफिसात हाय," मुलीचे वडील अण्णासाहेब म्हणाले. "शिफ्टची ड्यूटी असती. कवाबी फोन येतो. तेवढं सोडलं तर लई शांत पोरगी."

किमया खाली मान घालून हसली. निरंजनला ती आल्या आल्याच आवडली होती. तिच्या आईने, गंगूबाईंनी, तिला चहा टाकायला आत पाठवलं.

"जरा ऑफिसचं काम आलंय," निरंजन उठला. आईने डोळे वटारले.

"गच्चीत जावा," अण्णासाहेब म्हणाले. "हितं रेंज टिकत न्हाई. पोरीच्या कामापायी वायफाय घेतलंय, पर पासवर्ड तिलाच ठावं."

गच्चीवर मिरच्या वाळत होत्या. त्यांतून वाट काढत त्याने कठड्याशी रेंज गाठली. स्वतःचं नाव, ताऱ्याची जागा, कारण, सगळं भरून दुर्बिणीसाठी अर्ज पाठवला. तो ड्यूटीवरच्या शास्त्रज्ञाकडे जायचा. पलीकडे कोण बसतं, हे त्याला कधीच कळलं नव्हतं.

थोड्या वेळाने खालून करपल्याचा वास आला.

"अगं किमे, दूध!" गंगूबाईंचा आवाज. "लक्ष कुटं हाय तुजं?"

बिचारी गडबडली असेल, त्याला वाटलं. आपण इथे उभे आहोत याची त्याला लाज वाटली, पण पाय हलेना.

दहा मिनिटांनी उत्तर आलं.

"मंजूर. दुर्बीण वळते आहे. आता खाली या, पोहे गार झालेत. दूध उतू गेलंय, चहा कोरा चालेल ना?"