कच्च्या पाठांतराचा पेशंट

पेशंट काही तोंड उघडेना, आणि रुबीनाच्या वीस मिनिटांतली सहा गेलीसुद्धा.

अंबाजोगाईच्या त्या खाजगी केंद्रात मेंदूआधारित समुपदेशनाच्या पदव्युत्तर पदविकेची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. रुबीनाची ही तिसरी खेप. दोनदा आपटली होती. यंदाही नापास झाली, तर गेवराईच्या दवाखान्यातली समुपदेशकाची नोकरी जाणार, हे तिथल्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

परीक्षेची रीत अशी, की पेशंट खरा नसायचा. नाटकात कामं करणारा कुणीतरी बोलवायचा, त्यानं भेदरलेल्या दुखणेकऱ्याचं सोंग वठवायचं आणि उमेदवारानं त्याला बोलतं करायचं. इतरांच्या वाट्याला काय एकेक कलाकार आले होते! ढसाढसा रडले. आणि हिच्या वाट्याला हे ध्यान! नाव सांगितलं सुंदरराव. साठीचा माणूस, नजर फरशीवर, मुठीत चुरगाळलेला कागद. "बाहेरची 'मन मोकळं करा' पाटी वाचून आलो," एवढं एकच वाक्य पुढं बोलला आणि गप्प झाला.

कागदावर पुढचे संवाद असणार, हे रुबीनानं केव्हाच ताडलं होतं.

"काका, ही मूठ बघा," ती म्हणाली. "आत दुमडलेला अंगठा म्हणजे मेंदूतली भीतीची घंटा. वरची बोटं म्हणजे विचार. घंटा फार वाजली की बोटं उघडतात, विचार सुटतो. तुमची घंटा कधी वाजते?"

सुंदररावांनी आपल्या मुठीकडं पाहिलं. "आता वाजतच न्हाई, ताई. कालपासनं लई शांत हाय."

झालं! सोंग घाबरलेल्या माणसाचं, आणि म्हणे शांत! रुबीनाला घाम फुटला.

तेवढ्यात पुण्याहून आलेले परीक्षक, भगवानराव सर, फोन घ्यायला व्हरांड्यात गेले. रुबीना चटकन पुढं झुकली.

"अहो काका, पाठ झालं नसेल तर कागदात बघून बोला. माझ्या पोटावर पाय देऊ नका. झोप येत नाही म्हणा, छाती धडधडते म्हणा. आणि शेवटी 'आता बरं वाटतंय' एवढं तरी म्हणाच. त्याला दहा मार्क आहेत."

सुंदररावांनी मान वर केली. "मी बरं हाय म्हटलं की तुमचं काम होतंय?"

"होतं ना!"

"मग म्हणतो की. जाता जाता कुणाचं तरी भलं होऊ द्या."

सर आत आले. सुंदररावांनी सांगितलं तसं सगळं म्हटलं. झोप, छाती, आणि शेवटी, "आता बरं वाटतंय, ताई."

"छान!" सरांनी गुणपत्रिकेवर सही ठोकली. "पास आहात तुम्ही."

रुबीनाला रडूच फुटलं. हुश्श! सुटली एकदाची.

सर चहाला गेले. सुंदररावांनी उठता उठता तो कागद तिच्या हातात ठेवला. "हे तुमच्यापाशी असू द्या. घरी द्यायचा धीर होईना."

तिनं नुसती मान हलवली. तिचं सारं लक्ष नवऱ्याला, कलीमला, फोन लावण्यात होतं. सुंदरराव जिना उतरून कधी गेले, तिला कळलंही नाही.

फोन ठेवते तोच दारात एक तरणा माणूस धापा टाकत उभा राहिला.

"माफ करा, मॅडम. धर्मापुरीहून येताना गाडी मधीच बंद पडली. मी बंकट. तुमच्या परीक्षेत पेशंटचं काम माझ्याकडं हाय."

रुबीनानं हातातला कागद उलगडला.

"छबू, माझी वाट बघू नको. गाय शिवशंकरला दे. कुणाला बोल लावू नको."