दुसरी मंजुरी

कृत्रिम हृदयांचा कोड असलेल्या सर्व्हरवर कोणाला प्रवेश ठेवायचा, ती यादी शाल्मली दुपारभर साफ करत होती. गेलेल्यांची खाती बंद करायची होती. तिचा नवरा मुकुंद जाऊन आठ महिने झाले होते; त्याच्या सवयींवरून घडवलेली संगणकी प्रतिकृती मात्र त्याच्याच खात्यातून रोज कोड तपासत होती.

"वहिनी, मी करू का?" मुकुंदचा मित्र घरत म्हणाला.

"नको."

तिने मुकुंदचं खातं बंद करायला टाकलं. अशा कामाला तिच्याखेरीज दुसऱ्या कोणाची मंजुरी लागायची. ती देऊ शकणारं खातं एकच होतं, मुकुंदचं.

मंजुरी लगेच आली. खाली शेरा होता, "बरोबर आहे. डबा खाल्लास का?"

तिने "हो" लिहिलं. तोवर खातं बंद झालं होतं. डबा शेजारी तसाच होता.